इ. कोलायला गंधकाची चाहूल कशी लागते? प्रकल्प करणाऱ्यांसाठी, पायरीपायरीनं

एम.एस्सी.च्या प्रकल्पांचे विषय वाटताना दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, इ. कोलाय हा आतड्यातला जिवाणू तर एच-टू-एस निगेटिव्ह असतो ना, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू बनवत नाही?" प्रॅक्टिकलच्या वहीत तसंच लिहिलेलं असतं. टीएसआय या साखर आणि लोह घातलेल्या माध्यमाच्या नळीत साल्मोनेला हा जिवाणू टोचला की तळ काळाभोर होतो. इ. कोलायची नळी पिवळी होते, आतलं माध्यम गॅसनं फाटतं, पण नळी काळी काही होत नाही.

वही खोटी नाही, अर्धी आहे. टीएसआयमध्ये गंधक थायोसल्फेटच्या रूपात घातलेला असतो. साल्मोनेलाकडे तो फोडणारं एन्झाइम असतं, इ. कोलायकडे तसं नसतं. त्याच इ. कोलायला थायोसल्फेटऐवजी सिस्टीन, म्हणजे गंधक असलेलं अमिनो आम्ल, खायला घाला आणि नळीच्या तोंडाशी शिशाची पट्टी टांगा. सकाळी पट्टी तपकिरी-काळी झालेली दिसेल. गावोगावी पिण्याचं पाणी तपासायला ज्या काळ्या पडणाऱ्या एच-टू-एस कुप्या वापरतात, त्यांचंही टीएसआयसारखंच. ही चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 साली मांडली. तिच्यातही थायोसल्फेट आणि लोह असतं, त्यामुळे ती सिट्रोबॅक्टर, साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम यांच्यासारखे सोबती पकडते. एकटा इ. कोलाय तिच्यात काळा पडत नाही.

पण हायड्रोजन सल्फाइड तयार होणं ही झाली पहिली गोष्ट. तो वाढला हे पेशीला कसं कळतं, आणि कळल्यावर ती काय करते, ही दुसरी. हा लेख दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. साध्या कॉलेजच्या लॅबमध्ये यातलं कुठपर्यंत नेता येतं आणि कुठे मुलांचे महिने वाया जातात, ते इथे क्रमानं लिहिते.

आधी पाणीपुरीचं रसायन

काळं मीठ कोरडं असताना त्याचा वास बेताचा असतो. चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्यात पडलं की एकदम उकडलेल्या अंड्यासारखा भपकारा येतो. काळ्या मिठात सल्फाइड असतं. पाणी आंबट झालं की त्यातला आयन हायड्रोजन उचलतो, हायड्रोजन सल्फाइड वायू बनतो आणि पाण्यातून उडून जातो. या अदलाबदलीचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला वायू आणि आयन निम्मे-निम्मे असतात तो अंक, साधारण 7 आहे. म्हणजे पीएच 7.4 ला जेमतेम पाव भाग वायूच्या रूपात आणि उरलेला पाऊण भाग आयनच्या रूपात असतो. पीएच 5 ला जवळपास सगळा वायू, पीएच 9 ला जेमतेम एक टक्का.

एवढं नीट समजलं तर पुढच्या निम्म्या चुका होत नाहीत. वायूला विद्युतभार नसल्यामुळे तो पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरतो. म्हणून माध्यमाचा पीएच अर्ध्या अंकानं हलला तरी तुमचा डोस बदलतो. आणि सोडियम सल्फाइड स्वतः चांगलंच अल्कधर्मी असल्यामुळे ते घातलं की पीएच हलतोच.

जिवाणू ओळखतो ते नेमकं काय?

या भागावर मी वर्गात दोन तास घालवते, कारण इथे गफलत झाली की सगळा प्रकल्प भलत्या वाटेला लागतो.

हायड्रोजन सल्फाइडला थेट पकडणारं प्रथिन शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. आजवर नीट अभ्यासले गेलेले सेन्सर ओळखतात ते परसल्फाइड आणि पॉलिसल्फाइड, म्हणजे एका गंधकाच्या पाठीवर बसलेला दुसरा, जास्तीचा गंधक. सिस्टीनच्या टोकाला एक गंधक असतो. त्याला आणखी एक चिकटला की झालं परसल्फाइड. हा जास्तीचा गंधक फार चळवळ्या असतो, एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारतो. त्याचा एकूण साठा म्हणजे सल्फेन सल्फर. सल्फाइड वाढलं की काही जिवाणूंमध्ये एसक्यूआर नावाचं पडद्यावरचं एन्झाइम त्याचे इलेक्ट्रॉन क्विनोनला देतं आणि परसल्फाइड बनवतं. पुढे डायऑक्सिजनेज आणि रोडानीज ही एन्झाइमं त्याचं सल्फाइट आणि थायोसल्फेट करून टाकतात. सेन्सरचं काम एवढंच की ही यंत्रणा वेळेवर सुरू करायची आणि निभावलं की बंद करायची.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसमधला सीएसटीआर हा यातला सगळ्यात देखणा नमुना. क्षयाच्या जिवाणूत तांबं ओळखणारा सीएसओआर हा त्याच्याच घराण्यातला, पण सीएसटीआरला तांब्याशी देणंघेणं नाही. चार तुकडे एकत्र येऊन तो डीएनएवर बसतो आणि सल्फाइड पचवणाऱ्या जनुकांची वाट अडवून धरतो. शेजारशेजारच्या तुकड्यांतली 31 आणि 60 या क्रमांकांची सिस्टीन समोरासमोर असतात. परसल्फाइड आलं की त्यांच्यामध्ये दोन, तीन किंवा चार गंधकांचा पूल बांधला जातो, प्रथिनाचा आकार बिघडतो आणि ते डीएनए सोडून देतं. अडथळा गेला, जनुकं चालू. रोडोबॅक्टर कॅप्सुलेटस या जांभळ्या, प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूत 2017 साली सापडलेला एसक्यूआरआर वेगळ्या घराण्यातला आहे, तरी युक्ती तीच. 41 आणि 107 क्रमांकांच्या सिस्टीनमध्ये चार गंधकांचा पूल.

मला सगळ्यात आवडतो तो या दोघांचा चोखंदळपणा. हायड्रोजन पेरॉक्साइडही सिस्टीनला छेडतं, पण यांना ते चालत नाही. एसक्यूआरआरमध्ये त्या दोन सिस्टीनमधलं अंतर असं आहे की थेट दोन गंधकांचा पूल बांधायचा तर प्रथिनाला अंग पिळावं लागतं. मध्ये जास्तीचे दोन गंधक मिळाले तरच पूल आरामात बसतो.

इ. कोलायचा ऑक्सीआर असा चोखंदळ नाही. तो मुळात पेरॉक्साइडचा सेन्सर म्हणून प्रसिद्ध, पण 199 क्रमांकाच्या सिस्टीनवर परसल्फाइड बसलं तरी तो कामाला लागतो आणि ग्लुटारेडॉक्सिन, थायोरेडॉक्सिन, कॅटालेज यांची जनुकं चालू करतो. हे 2019 साली दाखवलं गेलं. म्हणजे तुमच्या प्रयोगात ग्लुटारेडॉक्सिनचं जनुक वाढलेलं दिसलं तर ते सल्फेन सल्फरमुळे की पेरॉक्साइडमुळे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर.

पहिली पायरी: जिवाणू निवडा

स्टॅफिलोकॉकस ऑरियस मोहक वाटतो, पण तो रोगकारक आहे. दुसऱ्या पातळीची जैवसुरक्षा, प्रशिक्षण आणि संस्थेची परवानगी नसेल तर नाद सोडा. प्रकल्पासाठी इ. कोलाय के-12 चा प्रयोगशाळेतला वाण उत्तम. साधे वाण पुण्यात एनसीएलच्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंडीगडच्या एमटीसीसीतून मागवता येतात. एकेक जनुक काढून टाकलेले वाण जपानच्या केयो संग्रहात आहेत. कुठल्या ना कुठल्या संशोधन संस्थेत त्याची प्रत असते, गोड बोलून मागितलं तर मिळते. तुम्हाला तीन हवेत: मूळ वाण, ऑक्सीआर नसलेला, आणि सिस्टीनपासून सल्फाइड बनवणारं 3एमएसटी हे एन्झाइम नसलेला. संग्रहाच्या यादीत या शेवटच्या जनुकाचं नाव एसएसईए असं आहे, पेपरांमध्ये एमएसटीए. या नावांच्या घोळात आमचा एक महिना गेला होता.

दुसरी पायरी: नाकावर भरवसा ठेवू नका

हायड्रोजन सल्फाइडचा वास अगदी कणभर असला तरी येतो, म्हणून मुलांना वाटतं की धोका आला तर कळेलच. उलटं आहे. हवेत प्रमाण 100 पीपीएमच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास गायब होतो. जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळीही तीच. ड्रेनेजमध्ये उतरलेले कामगार एकापाठोपाठ एक कोसळतात, त्यामागे बरेचदा हाच वायू असतो. तेव्हा सल्फाइडची बाटली फक्त फ्यूम हूडमध्ये उघडायची, एकट्यानं काम करायचं नाही, आणि सल्फाइड असलेल्या कशातही आम्ल ओतायचं नाही. वास येत होता आणि आता येत नाही, तर आधी खोलीबाहेर पडा.

तिसरी पायरी: शिशाची पट्टी

फिल्टर पेपरच्या बोटभर पट्ट्या लेड ॲसिटेटच्या संपृक्त द्रावणात बुडवून वाळवा. शिसं विषारी आहे, हातमोजे सोडू नका आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. एलबी या जिवाणू वाढवायच्या नेहमीच्या माध्यमात ताजं सिस्टीन घालून जिवाणू टोचा आणि पट्टी बुचात अडकवून माध्यमापासून दोन सेंटीमीटर वर लोंबती ठेवा. ती माध्यमाला किंवा ओल्या काचेला टेकली तर डाग वर चढतो आणि निकाल वाचता येत नाही.

जिवाणू न टोचलेली, पण सिस्टीन असलेली नळी हवीच. सिस्टीन गरम माध्यमात आपोआपही थोडं सल्फाइड सोडतं, त्यामुळे ही कोरी पट्टीही हलकी पिवळसर होऊ शकते. 3एमएसटी नसलेल्या वाणाची पट्टी फिकट राहिली, तर गॅस कुठून येतो ते तुम्ही दाखवलंत. ती पूर्ण पांढरी राहणार नाही. सिस्टीन फोडणारी आणखी एन्झाइमं पेशीत आहेत. पट्ट्यांचे फोटो एकाच उजेडात, एकाच दिवशी काढा. वाळल्यावर रंग उतरतो.

चौथी पायरी: सल्फाइडचं द्रावण

माझ्या अनुभवात दहापैकी सात प्रयोग इथेच फसतात.

सोडियम सल्फाइड नोनाहायड्रेटचे खडे घ्या. चांगला खडा रंगहीन, काचेसारखा असतो. बाहेरून पिवळा किंवा पांढुरका झाला असेल तर हवेनं तो बिघडलाय. पाण्याच्या एका झटक्यात वरचा थर धुऊन, टिपकागदावर टिपून, मग वजन करा. 240 मिलिग्रॅम खडा 10 मिलिलिटर पाण्यात विरघळवला की 100 मिलिमोलर द्रावण होतं. हे पाणी आधी नायट्रोजननं बुडबुडवून त्यातला ऑक्सिजन घालवलेलं हवं. त्यात डीटीपीए थोडं घातलं तर लोहाचे अंश बांधले जातात आणि द्रावण जरा जास्त टिकतं. बाटली गळ्यापर्यंत भरा, वर हवा ठेवू नका, रबरी बुचातून सुईनं काढा, आणि त्याच दिवशी वापरून टाका.

हा सगळा सोवळेपणा कशासाठी? शिळं सल्फाइड पिवळं पडतं, आणि तो पिवळा रंग पॉलिसल्फाइडचा असतो. म्हणजे सेन्सरला जे हवंय नेमकं तेच तुमच्या बाटलीत आयतं तयार झालेलं असतं. मग जनुक वाढतं, मुलं खूश होतात आणि वहीत लिहितात की सल्फाइडनं चालू झालं. एका वर्षी आमच्याकडे सोमवारचे निकाल भरघोस यायचे आणि गुरुवारचे फुसके. शेवटी कळलं की सोमवारी मागच्या आठवड्याची बाटली संपवत होतो आणि गुरुवारी नवी उघडत होतो. तेव्हापासून बाटलीवर तारीखच नाही, तासही लिहितो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर एक झलक घ्या: ताज्या सल्फाइडचं शिखर 230 नॅनोमीटरपाशी असतं. 300 च्या पुढे फुगवटा दिसला तर ती बाटली पॉलिसल्फाइडची आहे असं समजा.

आणि हेच पॉलिसल्फाइड मुद्दाम बनवून दुसऱ्या गटात वापरायचं आहे. सल्फाइड, गंधकाची पूड आणि थोडा कॉस्टिक सोडा बंद बाटलीत 37 अंशांना ठेवला की द्रावण पिवळं-केशरी होतं. ते माध्यमात घातल्यावर दुधाळ झालं तर घाबरू नका, गंधक खाली बसतोय. पण डोस कमी झाला, हे गृहीत धरा.

पाचवी पायरी: डोस आणि कंट्रोल

पेशी वाढीच्या भरात असताना, म्हणजे ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) 0.4 ते 0.5 च्या दरम्यान घ्या. माध्यमात एमओपीएस किंवा हेपेससारखं बफर असू द्या. 10 मिलिलिटर कल्चरमध्ये वरच्या द्रावणाचे 20 मायक्रोलिटर टाकले की 200 मायक्रोमोलर होतात. 50, 200 आणि 500 एवढे तीन डोस पुरेत. माणसाच्या आतड्यात एकूण सल्फाइड मिलिमोलरच्या घरात जातं, तेव्हा हे आकडे इ. कोलायला नवखे नाहीत. त्याचं श्वसनाचं साधं एन्झाइम, ऑक्सिडेज, सल्फाइडनं गुदमरतं, पण सायटोक्रोम बीडी नावाचं दुसरं टिकून राहतं आणि त्याच्या जोरावर श्वास चालू राहतो.

96 खळग्यांची प्लेट वापरू नका. उघड्या खळग्यातून गॅस काही मिनिटांत उडतो आणि शेजारच्या कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्यात, जाऊन बसतो, मग कंट्रोलही "प्रतिसाद" देतो. स्क्रूच्या झाकणाच्या, काठोकाठ भरलेल्या नळ्या घ्या. बंद नळीत ऑक्सिजनही संपत जातो, म्हणून कंट्रोलच्या नळ्याही तशाच बंद हव्यात.

गट असे: काहीच न घातलेला. तेवढाच पीएच चढवणारा सोडियम हायड्रॉक्साइड घातलेला (हा नसेल तर मी अहवाल परत करते). ताजं सल्फाइड. पॉलिसल्फाइड. हायड्रोजन पेरॉक्साइड. हे सगळं मूळ वाणात आणि ऑक्सीआर नसलेल्या वाणात. काही जण पेरॉक्साइडची शंका काढायला माध्यमात कॅटालेज ओततात. कल्पना बरी आहे, पण सल्फाइड कॅटालेजच्या हीमवरच, म्हणजे त्याच्या लोहाच्या गाभ्यावरच, जाऊन बसतं आणि त्याला थंड करतं. कॅटालेज घातल्यामुळे फरक पडला नाही, यावरून मग काहीच ठरत नाही.

सहावी पायरी: किती उरलं ते मोजा

जेवढं घातलं तेवढंच आत आहे, हे कधीही धरून चालू नका. दर थोड्या मिनिटांनी नमुना काढून तो तत्काळ झिंक ॲसिटेटमध्ये टाका. सल्फाइड झिंक सल्फाइड होऊन पकडलं जातं. मग डायमिथाइल-फेनिलीनडायअमाइन आणि फेरिक क्लोराइड आम्लात घालून मिथिलीन ब्लूचा निळा रंग आणायचा आणि 670 नॅनोमीटरला वाचायचं. आम्ल फ्यूम हूडमध्येच. गडद निळ्या नमुन्याला नंतर पाणी घालून चालत नाही, कारण गडद द्रावणात रंगाचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि आकडा कमी येतो. नमुना आधीच पातळ करा. ही पद्धत पेशीतल्या लोह-गंधक प्रथिनांमधलं सल्फाइडही आम्लानं सोडवून मोजते, त्यामुळे पेशींसकट घेतलेला आकडा फुगलेला असतो. पेशी गाळून, फक्त माध्यमात मोजा.

सल्फेन सल्फर मोजायची जुनी पद्धत सायनाइडची आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये पोटॅशियम सायनाइड आणायचं नाही, यावर माझ्याशी वाद घालू नका. एसएसपी4 हा चमकणारा प्रोब महाग आहे, पण थोडा पुरतो.

सातवी पायरी: जनुक चालू झालं का?

डोसनंतर 10 आणि 30 मिनिटांनी पेशी आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात घ्या. तासाभरानं मोजलंत तर सल्फाइड उडून गेलेलं असतं आणि पेशी मूळपदावर आलेली असते. आरटी-क्यूपीसीआरला, म्हणजे जनुकाचा आरएनए किती बनला ते मोजणाऱ्या चाचणीला, ग्लुटारेडॉक्सिन-1 चं जीआरएक्सए जनुक घ्या आणि तुलनेसाठी स्थिर जनुकं दोन घ्या, एकट्या 16एस या रायबोसोमच्या जनुकावर विसंबू नका. जीएफपीचा, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा, रिपोर्टर या प्रयोगात नको, त्याला चमकायला ऑक्सिजन लागतो आणि तुमच्या नळ्या बंद आहेत.

मूळ वाणात पॉलिसल्फाइडनं जीआरएक्सए लगेच वाढलं, ताज्या सल्फाइडनं उशिरा किंवा कमी वाढलं, आणि ऑक्सीआर नसलेल्या वाणात दोन्हीनं वाढलं नाही, तर गोष्ट जुळली. इ. कोलाय के-12 कडे एसक्यूआर नाही, म्हणून त्याला सल्फाइडपासून परसल्फाइड बनवायला वेळ लागणं साहजिक आहे. ताज्या सल्फाइडनं पॉलिसल्फाइडइतकंच आणि तितक्याच लवकर वाढलं, तर आधी बाटलीवर संशय घ्या, जिवाणूवर नंतर.

आठवी पायरी: प्रथिन हातात असेल तर

एखाद्या संशोधन संस्थेच्या मदतीनं शुद्ध सीएसटीआर किंवा एसक्यूआरआर मिळालं तर पूल डोळ्यांनी पाहता येतो. पॉलिसल्फाइड दिल्यावर सीएसटीआरचे दोन तुकडे जोडले जातात आणि जेलवर दुप्पट वजनाची पट्टी येते. डीटीटी हे पूल तोडणारं रसायन घातलं की ती परत खाली येते. अट एकच: नमुना जेलवर चढवायच्या निळ्या द्रावणात, लोडिंग डायमध्ये, मर्कॅप्टोइथेनॉल असता कामा नये, तेही पूल तोडतं. लॅबमधली तयार निळी कुपी सवयीनं उचलली आणि दोन दिवसांचा पूल दहा सेकंदांत तुटला, असं आमच्याकडे दोनदा झालंय. आता ती कुपी त्या आठवड्यात मी कपाटात कुलूप लावून ठेवते.

पूल किती गंधकांचा, हे जेल सांगत नाही, त्याला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. दोन मोकळ्या सिस्टीनच्या मानानं दोन गंधकांचा पूल 2 डाल्टननं हलका, तीनचा 30 नं जड आणि चारचा 62 नं जड. एसक्यूआरआरच्या नमुन्यात 62 दिसलं की त्या दिवशी लॅबमध्ये चहा माझ्याकडून.

शेवटची: कचरा

सल्फाइडचे कल्चर थेट ऑटोक्लेव्हमध्ये टाकलेत तर सगळ्या मजल्याला कळेल. आधी जास्तीचं झिंक ॲसिटेट घाला, पीएच अल्कधर्मी ठेवा, तासभर थांबा, मग ऑटोक्लेव्ह. शिशाच्या पट्ट्या वेगळ्या डब्यात. मिथिलीन ब्लूचा आम्लाचा कचरा तिसऱ्या बाटलीत, आणि ती झिंक सल्फाइडच्या बाटलीपासून दूर, कारण झिंकनं पकडलेलं सल्फाइड आम्लात पुन्हा मोकळं होतं. लॅब सफाईला येणाऱ्या मावशींना रसायनांची सूत्रं कळत नाहीत. तेव्हा पांढऱ्या गाळाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहा: "यात काहीही ओतू नये. सिंकमध्ये रिकामी करू नये."